पलीकडच्या काठावरचं घर

दुसरं कार्ड कालिंदीबाईंच्या हाती पडलं आणि दत्तोपंतांना तोंड चुकवायला जागा राहिली नाही.

पहिलं कार्ड वर्षापूर्वी आलं होतं. दत्तोपंत शाळेला निघाले होते, आणि राजारामपुरीतल्या त्यांच्या घराच्या फाटकातच पोस्टमन भेटला होता. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, भूमितीच्या पुस्तकात घातलं आणि पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवून दिलं. घरी त्याचा उच्चारसुद्धा केला नाही. हे दुसरं आलं ते कार्तिकात, भर दुपारी. ते वर्गावर होते आणि कालिंदीबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा तांदळाचं सूप तसंच पडलेलं होतं. कालिंदीबाईंनी कार्ड पुढं केलं.

'मु. हिरेबाळी. रा. रा. मास्तर यांसी बसलिंगाप्पाचा नमस्कार. आमच्या अव्वाची, म्हंजे आईची, नजर जात चालली हाय. मुलीच्या आईला एकदा भेटायचं म्हणती. एक गोष्ट सांगायची राहिली हाय म्हणती. पैलं कार्ड पोचलं का न्हाय कळलं न्हाय. आलात तर बंगल्यात उतरू नका. आमच्या घरी उतरा.'

"पहिलं कार्ड कुठं आहे?" कालिंदीबाईंनी विचारलं.

दत्तोपंतांनी टोपी खुंटीला लावली. उपरणं काढलं. त्याची घडी नीट बसेना. "शाळेत आहे," ते म्हणाले.

कालिंदीबाई चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. सूप उचलून त्या आत गेल्या आणि जेवणं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "मला जायचंय. तुम्ही न्याल तर तुमच्याबरोबर, नाहीतर एकटी जाईन."

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, त्यांची विमला गेली. एकुलती एक. वय वर्षं एकोणीस. शिक्षिका होण्यासाठी ती ट्रेनिंग कॉलेजात जात होती. तिच्या वर्गातल्या बारा जणी एका बाईंबरोबर चंदगडच्या बाजूला मासुळी नदीचा धबधबा बघायला गेल्या, अलीकडच्या काठावरच्या सरकारी बंगल्यात एक रात्र राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी विमला पाण्यात गेली. बरोबरच्या मुली पुढं गेल्या होत्या. मागं वळून बघितलं तर खडकावर कोणी नव्हतं. पडताना तिला कुणीच पाहिलं नाही. नदीला लोंढा आला होता, साकव पाण्याखाली होता. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी तिला डोहातून वर काढलं एवढंच अलीकडून दिसलं. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि दत्तोपंत ट्रक घेऊन पोचले, तेव्हा हिरेबाळीतल्या एका लिंगायत घराच्या सोप्यात पांढऱ्या घोंगडीखाली ती होती.

त्या घरातली म्हातारी शांतव्वा पुढं येऊन काहीतरी सांगू लागली होती. "मास्तर, तुमची पोरगी..." एवढंच ती बोलली असेल. दत्तोपंतांनी हात वर केला. "नको. काही सांगू नका." आणि तसेच ते तिला घेऊन निघाले. पाणी घ्या म्हणाले तर पाणीही घेतलं नाही.

का घेतलं नाही, का ऐकलं नाही, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सहलीच्या आधी पंधरा दिवस सांगलीचं एक स्थळ विमलाला बघून गेलं होतं. मुलगा इंजिनिअर, घराणं चांगलं. विमला म्हणाली होती, "अण्णा, मला शिक्षण पुरं करू द्या." दत्तोपंत म्हणाले होते, "तुला विचारतंय कोण?" त्यावर ती खाली मान घालून स्वयंपाकघरात गेली. मग आठ दिवस ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली, आणि मग सहलीला गेली, तीही त्यांना न विचारता. दत्तोपंतांनी गणित शिकवण्यात जन्म घालवला होता. एक आणि एक मांडून त्यांनी उत्तर काढलं होतं, आणि ते खरं आहे असं कुणाच्या तोंडून ऐकायची त्यांची छाती नव्हती.

म्हणून जायचं ठरल्यावर ते म्हणाले, "जाऊ. पण उतरायचं बंगल्यात. तिथला ओव्हरसिअर माझा विद्यार्थी आहे, मी त्याला लिहितो."

"त्यांनी घरी बोलावलंय."

"अगं, तो काठ आता म्हैसूरचा झालाय. गेल्या वर्षीपासून नदी हीच सरहद्द. इथं आम्ही सीमाभागासाठी मोर्चे काढायचे आणि तिथं जाऊन त्यांच्या घरी पाहुणचार घ्यायचा?"

"मोर्चा सरकारवर होता. शांतव्वावर नव्हता."

"जेवणाखाण्याचं काय?"

"लिंगायत माणसं आहेत. आपल्यापेक्षा जास्त सोवळं पाळत असतील."

दत्तोपंत म्हणाले, "विमलासुद्धा बंगल्यातच राहिली होती. ती राहिली तिथं आपण राहू."

कालिंदीबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं सरळ बघितलं. "ती राहिली तिथं नाही, ती गेली तिथं मला राहायचंय."

पण दत्तोपंतांनी ओव्हरसिअरला लिहिलंच. बंगल्यात दोन दिवसांसाठी एक खोली मिळाली.

मार्गशीर्षात ते निघाले. एस.टी.नं गडहिंग्लजवरून चंदगड, तिथं एका ओळखीच्या शिक्षकाकडं मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी. रस्ता तांबड्या मातीचा. दोन्ही बाजूंना भाताच्या मळण्या चालल्या होत्या. गाडीत दोघं समोरासमोर बसली होती, पण बोलणं असं झालंच नाही. कालिंदीबाईंच्या मांडीवर एक पिशवी होती. तीत त्यांनी शांतव्वासाठी इरकली लुगडं आणि राजगिऱ्याचे लाडू घेतले होते. त्या वाटभर पिशवीचे बंद धरून होत्या.

दुपारी ते धोंडेवाडीत पोचले. बंगला गावाबाहेर, उंचावर. समोर दरी. दरीच्या टोकाला धबधबा. पावसाळ्यात त्याचा आवाज दोन मैलांवर जातो म्हणतात. आता पाण्याच्या तीन धारा तेवढ्या काळ्या कातळावरून उतरत होत्या. खाली साकव, साकवाच्या अलीकडं 'मुंबई राज्य' अशी पाटी आणि पलीकडं कानडीतली पाटी. त्यावर चढणीला दहा-बारा घरांची कौलं. तीच हिरेबाळी.

बंगल्याचा शिपाई आकाराम पन्नाशीचा, बोलघेवडा. सामान आत ठेवत तो म्हणाला, "पावणं, कोल्लापूरचं न्हवं? हितं थंडीचं कोण येत न्हाय. सगळी येत्यात ती पावसाळ्यात. पण दोन वर्सामागं एक पोरगी गेली न्हवं का हितं, तवापासनं शाळा-कालिजची माणसं बंदच झाली."

दत्तोपंत म्हणाले, "चहा मिळेल का?"

"मिळंल की. त्या पोरी ह्याच खोलीत हुत्या. ती पोरगी निगाली तवा म्या बघितली, लई गप हुती. माणसं म्हनत्यात तिनं उडी घेतली. बापानं नको तितं लगीन ठरवलं हुतं म्हनं. आता खरंखोटं देवाला ठावं."

कालिंदीबाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही तिचे आईवडील."

आकारामच्या हातातला तांब्या हातातच राहिला. त्यानं आधी कालिंदीबाईंकडं बघितलं, मग मास्तरांकडं. डोक्याचं मुंडासं काढून त्यानं छातीशी धरलं. "बाई, माजं थोबाड फोडा," तो म्हणाला. "मला ठावं न्हवतं वो." आणि पाठ न दाखवता, मागं सरत सरत बाहेर गेला.

खालून पाण्याचा आवाज येत होता.

"तू हे ऐकलं होतंस?" शेवटी दत्तोपंतांनी विचारलं.

"दोन वर्षं ऐकतेय. हळदीकुंकवाला गेलं की मी उंबऱ्यात दिसायचा अवकाश, बायका गप्प होतात. तुम्ही?"

"स्टाफरूममध्ये."

"मग मला बोलला का नाही?"

"तू का बोलली नाहीस?"

कालिंदीबाई उठल्या. त्यांनी पिशवी घेतली, पदर खांद्यावरून ओढून घेतला. "मी जाते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला यायचं तर या. नाहीतर राहा इथं. पण ती बाई दोन वर्षं माझ्यासाठी काहीतरी जपून बसलीय. ते वाईट असलं तरी माझं आहे."

दत्तोपंत व्हरांड्यात आले. कालिंदीबाई पायवाटेनं उतरताना दिसत होत्या. त्यांना चढउताराची सवय नव्हती. एका ठिकाणी त्या बसल्या, पुन्हा उठल्या. साकवाशी आल्या तेव्हा इतक्या लहान दिसू लागल्या की दत्तोपंत व्हरांड्याच्या कडेपर्यंत पुढं आले. साकव म्हणजे चार ओंडके आणि वर बांबूंची ताटी. धरायला एकाच बाजूला दोर. कालिंदीबाईंनी दोर धरला, पहिलं पाऊल टाकलं आणि तिथंच थांबल्या. खाली बघत राहिल्या.

"कालिंदी!" दत्तोपंतांनी हाक मारली. पाण्याच्या आवाजात ती पोचणं शक्यच नव्हतं. मग ते धावले. बावन्न वर्षांचा माणूस, धोतराचा सोगा एका हातात धरून, चप्पल मागं टाकून ती वाट उतरला. साकवाशी पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता. कालिंदीबाई अजून तिथंच उभ्या होत्या.

"खाली बघू नकोस," ते म्हणाले. "माझा हात धर."

एवढ्या वर्षांत त्यांनी चारचौघांत बायकोचा हात धरला नव्हता. दोघं साकव ओलांडून पलीकडं गेली.

शांतव्वा सोप्यात बसली होती. दत्तोपंतांना आठवत होती ती अंगापिंडानं भक्कम बाई. आता ती वाळली होती, डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरा पडदा आला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे मात्र ठसठशीत होते. बसलिंगाप्पा, तिचा मुलगा, चाळिशीचा असेल, अंगणातून पुढं धावला. "बर्री, बर्री, या मास्तर. अव्वा, कोल्लापूरची माणसं आली!"

म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले. कालिंदीबाई जवळ गेल्या तेव्हा तिनं त्यांचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. "तीच हनुवटी हाय," ती म्हणाली. "बस तंगी, धाकटी भैन तू माझी. वाट बघितली मी तुझी."

पाणी आलं, गूळ आला. यावेळी दत्तोपंतांनी पाणी घेतलं. ते उंबऱ्याजवळ बसले, उठून जाता येईल असे.

"अक्का," कालिंदीबाई म्हणाल्या, "काय सांगायचं होतं तुम्हाला?"

शांतव्वानं दत्तोपंतांच्या दिशेनं तोंड वळवलं. "मास्तरनी त्या दिवशी हात वर केला. बापाचं काळीज, मी गप बसले. म्हटलं, आई येईल तवा सांगू. आई आलीच न्हाय. तंगी, तुझी पोरगी पाण्यात मेली न्हाय. ह्या घरात मेली. दिवा लावायच्या वक्ताला."

कालिंदीबाईंचा हात तोंडाशी गेला.

"माझ्या बसूनं तिला डोहातनं काढली तवा उन्हं कलती हुती. डोस्क्याला मार हुता, मागल्या अंगाला. पण श्वास हुता. हितं आणली, कोरडं केलं, घोंगडी घातली. बसू डाक्टर आणायला निगाला, पण नदीनं सोडला न्हाय, तिकडं रानातनंबी वाट न्हवती. मी तिचं डोस्कं मांडीवर घेतलं. मला मराठी येतंय, सासर कानडी पण म्हायेर तुमच्या गडहिंग्लजकडचं. मी म्हटलं, पोरी, कशी ग पडलीस?"

दत्तोपंत उठले. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. आता ते उत्तर येणार होतं. त्यांना वाटलं, अंगणात जावं, बैलांकडं जावं, कुठंही जावं. पण पाय हलले नाहीत.

"म्हणाली, चप्पल गेली. पायाखाली शेवाळ, म्हणून चपला काढून हातात धरल्या हुत्या. त्यातली एक पाण्यात पडली. नवी हुती म्हणे. ती धराय वाकली, अन् पाय सुटला." शांतव्वा थांबली. "दोनदा म्हणाली, नवी चप्पल, नवी चप्पल. मी म्हटलं, जाऊ दे, दुसरी घेशील. तर माझा हात घट्ट धरला. म्हणाली, अण्णांना सांगू नका. रागवतील. न विचारता आलेय मी."

अंगणात बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली.

"आणि?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"मग आई, आई म्हणाली. मी म्हटलं, हाय मी. मगळ, माझ्या लेकी, मी हाय न्हवं. तिला काय कळलं काय न्हाय, पण हात न्हाय सोडला. हात गार पडला तरी मी सोडला न्हाय. बसूच्या बायकोनं दिवा आणून ठेवला तवा सगळं संपलं हुतं."

कालिंदीबाई म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागल्या. दोन वर्षांत घरात असं रडणं झालं नव्हतं. शांतव्वा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दत्तोपंत तसेच उभे होते. दोन वर्षं ज्या शब्दाला ते भ्याले होते तो आलाच नव्हता. मुलीनं जीव दिला नव्हता. ती घरी परत यायच्या गोष्टी करत होती. बाप रागवेल म्हणून घाबरली होती, म्हणजे बापापुढं उभं राहायचं तिच्या मनात होतं. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण मरणाच्या दारात त्यांच्या पोरीला मरणाचं भय नव्हतं, भय होतं ते त्यांचं. एका चपलेसाठी. हे त्यांना उभ्यानं पेलेना. ते चौकटीला टेकत खाली बसले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांच्या ओळखीचा नव्हता.

बसलिंगाप्पा त्यांच्याजवळ येऊन बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मास्तर, माझ्याबी पोरी मला भितात. बापाला भ्यायचंच असतंय, असं वाटायचं मला. त्या दिवसापासनं मी घरात आवाज चढवला न्हाय."

"बंगल्यातलं सामान आणवता येईल का?" दत्तोपंतांनी विचारलं.

सामान आकारामनंच आणलं, डोक्यावरून. वाटेत टाकलेली मास्तरांची चप्पलही त्यानं उचलून आणली होती. अंगणात सगळं ठेवून तो उभा राहिला. दत्तोपंतांनी त्याला बोलावून समोर बसवलं आणि शांतव्वानं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. 'रागवतील' हा शब्दसुद्धा गाळला नाही. "गावात सांग," ते म्हणाले. "उडी नव्हे, पाय घसरला. आणि बापाच्या धाकानं ती वाकली, हेही सांग." आकाराम मान खाली घालून म्हणाला, "व्हय जी."

दोन दिवसांसाठी आलेली ती दोघं हिरेबाळीत पाच दिवस राहिली. कालिंदीबाई शांतव्वाला न्हाऊ घालत, केस विंचरत. विमला शेवटी काय बोलली ते पुन्हा पुन्हा विचारत, आणि म्हातारी न कंटाळता तितक्याच वेळा सांगे. दत्तोपंत बसलिंगाप्पाबरोबर खळ्यावर जात. त्याला कानडी पुस्तकातलं वाचता येई, मराठी त्याहून बरं येई. आता हिरेबाळीची शाळा कानडी झाली, पोरींना मराठी कोण शिकवणार याची त्याला चिंता होती. दत्तोपंतांना मोर्चातली वाक्यं आठवत, पण ती त्या खळ्यावर बोलावीशी वाटत नसत.

चौथ्या दिवशी सकाळी दत्तोपंत आणि कालिंदीबाई धबधब्याशी गेली. बसलिंगाप्पानं तो खडक दाखवला आणि तो मागं फिरला. शेवाळ आता वाळून काळं पडलं होतं. पाण्याच्या तुषारात ऊन होतं.

कालिंदीबाई म्हणाल्या, "मला एक सांगायचंय. सहलीला जाऊ का, असं तिनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, जा तू, अण्णांना मी सांगते. आणि मी तुम्हाला सांगितलंच नाही. भ्याले."

दत्तोपंत पाण्याकडं बघत होते.

"मीच पाठवलं तिला," कालिंदीबाई म्हणाल्या. "दोन वर्षं वाटतंय, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि ती असती."

"नाही म्हणालो असतो," दत्तोपंत म्हणाले. "हे खरं आहे." मग शब्द जुळवत म्हणाले, "पण मला विचारण्याची सोय मी तुम्हा दोघींनाही ठेवली नव्हती. तो दोष तुझा नाही, कालिंदी. तो तू आता घेऊ नकोस."

एवढ्यानं ओझं उतरतं असं नाही, हे दोघांनाही कळत होतं. कालिंदीबाई खडकाच्या कडेपर्यंत गेल्या आणि खाली डोहाकडं बघत उभ्या राहिल्या. दत्तोपंत त्यांच्या मागं एक पाऊल अंतरावर उभे होते, हात पुढं करून, पण त्यांनी कालिंदीबाईंना मागं ओढलं नाही. त्यांचं बघून होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.